अख्खी गाडी

संभाजीनगरात सिडकोतल्या रो-हाउसच्या पोर्चमध्ये, गारखेड्यातल्या एखाद्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली किंवा बजाजनगरात मागच्या अंगणात टाकलेल्या पत्र्याखाली सकाळी सात-साडेसातला एक गृहस्थ पाटावर बसलेले हमखास दिसतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. अंगात कंपनीचा जुना करडा शर्ट, त्याच्या खिशावरचं नाव धुऊन धुऊन वाचता येईनासं झालेलं. चष्मा कपाळावर आणि पुढ्यात स्कूटर. स्कूटर म्हणजे, कधीकाळी स्कूटर होता आणि पुढंमागं पुन्हा होईल असा ऐवज: पत्र्याचं धूड विटांवर चढवलेलं, चाकं भिंतीला टेकलेली, इंजिन कालच्या वर्तमानपत्रावर उघडं पडलेलं. भोवती श्रीखंडाचे रिकामे डबे, प्रत्येकाच्या झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं: ‘क्लच, वॉशरसकट’, ‘मॅग्नेटो बाजू, नट ४’, ‘कशाचे ते बघणे’. गल्लीत ह्यांना स्कूटरवाले काका म्हणतात. येणारा-जाणारा विचारतो, “काका, कधी सुरू होणार?” काका म्हणतात, “पिस्टन आला की.” पिस्टन येतो. मग ऑइल सील यायचं असतं. सील येतं तेव्हा बोअर पुन्हा एकदा बघून घ्यावं असं वाटतं, आणि बोअर बघितलं की नवा पिस्टन लागतो.

ह्या माणसाबद्दल शहराचं एक निदान कधीचंच ठरून गेलं आहे: जुन्या आठवणींचा मामला. तरुणपणीची गाडी, मागं बसलेली नवी नवरी, पुढं उभं राहिलेलं पोरगं, वगैरे. निदान ऐकायला गोड आहे, पण लक्षणांशी जुळत नाही. ज्याला आठवणी हव्या असतात तो गाडीवर बसून फिरतो. काका बसतच नाहीत. चुकून एखादी गाडी पूर्ण झालीच तर तिची धाव कॉलनीच्या कमानीपर्यंत, आणि तिथून परत येतात तेव्हा काकांचा चेहरा खुललेला नसतो. तिसऱ्या गिअरला कसलासा आवाज येतोय, हा विचार त्यावर स्पष्ट दिसतो. दुसरं लक्षण अधिक बोलकं आहे. ज्या काळाची आठवण यायला हवी, त्या काळात ह्या काकांपैकी बहुतेकांच्या घरी स्कूटर नव्हताच. बजाजनं पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा काढली साठीच्या दशकात आणि स्वतःचा चेतक आणला १९७२ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षं चेतक हा विकत घ्यायचा नव्हे, नंबर लावायचा पदार्थ होता. पैसे भरायचे आणि विसरून जायचं. जावयाला देण्यासाठी नंबर लावावा आणि गाडी हाती यावी तेव्हा जावयाची पोरं शाळेत जात असावीत, असा तो कारभार. १९८५-८६ ला वाळूजला कामाला लागलेला आयटीआयचा पोरगा कंपनीच्या बसनं जायचा, नाहीतर सायकलनं. स्कूटर असायचा तो सुपरवायझरचा. पोराच्या स्वतःच्या खिशात पैसे खुळखुळायला लागेपर्यंत बाजारात लिटरला दुप्पट पळणाऱ्या मोटरसायकली आल्या होत्या आणि त्यानं, शहाण्या माणसानं घ्यावी तशी, मोटरसायकल घेतली. जी गोष्ट आयुष्यात नव्हतीच तिची आठवण काढायला माणूस कवी असावा लागतो. काका कवी नाहीत. टीव्हीवर बजाजच्या त्या जुन्या जाहिरातीचं गाणं लागलं तर शेजारच्या वहिनींचे डोळे भरून येतात. काका मात्र गाडीच्या आवाजाकडे कान लावतात आणि गाडी मिसिंग करतेय असं सांगतात.

खरं कारण शोधायचं तर शहरातून निघून नगर रस्त्यानं वाळूजला जायला हवं. १९८४ च्या जानेवारीत तिथं बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि दोन वर्षांच्या आत, १९८५ च्या नोव्हेंबरात, राष्ट्रपती झैलसिंग ह्यांच्या हस्ते उद्घाटन. त्याआधी रेल्वे स्टेशनजवळची आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत होतीच, पण बजाजच्या मागोमाग पुरवठादारांची जी रांग लागली तिनं ह्या गावाची वेळ, बोली आणि लग्नाच्या बाजारातली पत, सगळंच बदलून टाकलं. आज मोठी झालेली एंड्युरन्ससारखी कंपनीही त्याच १९८५ ची. पुढं कुणी डायकास्टिंग केलं, कुणी प्रेसशॉप, कुणी रबर, कुणी प्लेटिंग. आणि ह्या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, ती अशी की ह्या शहरातले हजारो संसार गाड्यांवर उभे राहिले, पण आयुष्यात एकदा तरी अख्खी गाडी हातानं केली असं म्हणू शकणारा माणूस इथं शोधून सापडायचा नाही. कुणी बुश केला. कुणी बुशाचं भोक तपासलं. कुणी बुश तपासणाऱ्याच्या रजेचा हिशेब ठेवला. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचा दाखला दिला आहे: एक जण तार ओढतो, दुसरा सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो, अशी सुमारे अठरा कामं, आणि दहा माणसं मिळून दिवसाला ४८ हजार टाचण्या. टाचण्यांचा हिशेब चोख आहे. ती दहा माणसं निवृत्तीनंतर काय करत होती, हे मात्र स्मिथ सांगत नाही. त्याच ग्रंथात पुढं तो एवढं म्हणतो की जन्मभर एक-दोन साधी कामंच करणाऱ्याची बुद्धी वापराविना मंद होत जाते. स्मिथनं वाळूज पाहिलं नव्हतं. काकांनी बुद्धी गमावली नाही. ती तीस वर्षं मुदत ठेवीत ठेवली, आणि आता मुदत संपल्यावर व्याजासकट काढून पोर्चमध्ये मांडली आहे. त्यांना जुना काळ नको आहे. त्यांना, एकदाची, अख्खी गाडी हवी आहे.

हे म्हणणं नुसतं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. काकांच्या प्रत्येक सवयीत त्याचा पुरावा आहे. पहिला पुरावा बोलण्याचा. काका ‘बिघडलं’ म्हणत नाहीत, ‘रिजेक्ट’ म्हणतात. शाहगंजातून आणलेली नवी क्लच केबल लगेच बसत नाही, आधी दोन दिवस ‘इनवर्ड’ला पडून राहते. भिंतीवरच्या प्लायवर प्रत्येक पान्याची आकृती रंगानं काढलेली आहे, म्हणजे दहा-अकराचा पाना जागेवर नसेल तर भिंतच बोंब मारते. जपानी ‘फाइव्ह एस’ टापटिपीचं एवढं निष्ठेनं पालन वाळूजच्या कुठल्या शॉपफ्लोअरवरही झालं नसेल. हे पालन पोर्चपुरतंच आहे. घरात त्याच गृहस्थांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत, आणि त्याबद्दल काकूंनी काढलेली नॉन-कन्फॉर्मन्स कित्येक वर्षं उघडी आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या ह्या गावात गाडीवर पाणी ओतायचं धाडस काका करत नाहीत. सगळं धुणं डिझेलमध्ये चालतं, कारण रेशनचं रॉकेल गेल्यापासून हातांना तोच एक वास राहिला आहे. दुसरा पुरावा मोजमापाचा. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं दिलेला चांदीचा गणपती कपाटात आहे. पदरच्या पैशानं घेतलेलं मितुतोयोचं व्हर्नियर मात्र उशाशी असतं. चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७ मिलिमीटर. ह्या दोन आकड्यांवरून घनफळ काढलं की १४५.४५ सीसी येतं. हे गणित काका कुणालाही, न विचारता, वर्तमानपत्राच्या कडेला करून दाखवतात आणि मग पेन खाली ठेवून विचारतात, की दीडशे सीसी म्हणून विकलेल्या गाडीतले साडेचार सीसी गेले कुठं? ज्या माणसानं उमेदीची वर्षं एका भोकाचा व्यास शंभरांश मिलिमीटरपर्यंत सांभाळण्यात घालवली, त्याला साडेचार सीसीची ही सूट म्हणजे उघड भ्रष्टाचार वाटतो.

पण सगळ्यात मोठा पुरावा मिळतो तो उस्तादाकडे. रोशन गेट, चंपा चौक, शाहगंज ह्या बाजूला दुचाकीचे जुने मेकॅनिक अजून आहेत. पोरवयात कुणा मोठ्या उस्तादाच्या हाताखाली टायर धुण्यापासून सुरुवात केलेले, आता स्वतः उस्ताद झालेले. लेथचं काम, क्रँकचं काम, प्रेसवर बेअरिंग काढायचं काम ह्यांच्यावाचून होत नाही, म्हणून काकांना तिथं जावंच लागतं, आणि तिथं दोन संस्कृतींची गाठ पडते. काका क्रँकचा प्ले किती आहे विचारतात. उस्ताद कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून हलवतो आणि सांगतो, “चलता साब.” काका विचारतात, “चलता म्हणजे किती?” उस्ताद शांतपणे म्हणतो, “चलता मतलब चलता.” कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान हवा. काका त्यासाठी फीलर गेज आणतात, चष्मा कपाळावरून नाकावर घेतात, श्वास धरतात, ०.४ ची पाती सरकवतात, स्क्रू आवळतात, आवळताना गॅप बदलतो, पुन्हा श्वास धरतात. उस्ताद मोडक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घालतो, एक डोळा मिटतो, पॉलिश पेपर फिरवतो आणि किक मारतो. गाडी सुरू होते. काका खिन्न होतात, कारण सुरू होणं हा काही मापाचा प्रकार नव्हे. आता गंमत अशी, की ज्याला स्कूटर डोळे मिटून खोलता-बांधता येतो, त्या उस्तादाला जुने स्कूटर जमवायचा छंद असल्याचं कधी ऐकिवात नाही. तो संध्याकाळी दुकान वाढवतो आणि ॲक्टिव्हावर बसून घरी जातो. उलट काका पैसे देऊन ही दगदग घेतात, ह्याचा त्याला अचंबा वाटतो. “कायकू इत्ता परेशान होते साब,” असं तो मनापासून म्हणतो. छंदाचं मूळ जुन्या गाडीच्या प्रेमात असतं तर ते उस्तादात आधी उगवायला हवं होतं. पण त्याच्या हाताखालून पोरवयापासून रोज अख्खी गाडी गेलेली आहे. तो जेवून उठलेला माणूस आहे. उपाशी आहेत ते काका.

ह्यावर पहिला आक्षेप पुणेकर घेतील, आणि तो रास्त आहे: चेतकचं घर आकुर्डी, वाळूजनं मोटरसायकली आणि रिक्षांवर नाव काढलं, मग संभाजीनगरच्या माणसानं चेतकवर हक्क कशाला सांगावा? उत्तर असं की तो हक्क सांगतच नाही. अख्खी गाडी कुठली हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम आहे. ती पोर्चमध्ये मावली पाहिजे, एका माणसाला उचलता-पाडता आली पाहिजे आणि तिच्यातला प्रत्येक भाग कशासाठी आहे ते कळलं पाहिजे. चेतकला साखळी नाही, इंजिन थेट मागच्या चाकावर; वेगळी चौकट नाही, पत्राच चौकट; इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे व्हॉल्व्हचा सगळा गोतावळाच नाही. पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन, तीन गोष्टी तपासायच्या. जगभर ह्या जातीची माणसं टू-स्ट्रोकवरच का अडकतात, ह्याचंही कारण हेच असावं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या लाकूडतोडीच्या मुलखात लोक झाडं कापायचे जुने चेनसॉ असेच जमवतात आणि दुरुस्त करतात. जर्मनीच्या श्टीलचा १९५९ चा ‘कॉन्ट्रा’ हाती लागला तर काही जणांना चेतकच्या पहिल्या खेपेतली गाडी सापडल्याइतका हर्ष होतो. मराठवाड्यात मुळात झाडं किती आणि त्यांना चेनसॉ लावायची गरज किती, म्हणून इथं तो छंद रुजला नाही एवढंच. इंजिन तेच, तेल मिसळलेलं पेट्रोल तेच आणि घरच्यांचे शेरेही, भाषा सोडली तर, तेच असणार. आता कुणी विचारेल, की असं असेल तर मग एम-एटीचं काय? दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून गंगापूर-पैठणच्या कच्च्या रस्त्यांनी जिनं खरोखर मराठवाडा ओढला, ती एम-एटी कुणी काका उजळवत का नाहीत? ती तर चेतकहून सोपी. इथं माझा सिद्धांत जरा लंगडतो, हे कबूल आहे. अख्ख्या गाडीच्या भुकेला थोडी दिसण्याची फोडणीही लागते, आणि सुपरवायझरची गाडी ती सुपरवायझरची गाडी.

दुसरा आक्षेप वयाचा. हे सगळे काय वाळूजचे निवृत्त आहेत? ह्या छंदात हाडांचे डॉक्टर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, पुण्याला नोकरी करून शनिवार-रविवार घरी येणारे सॉफ्टवेअरवाले पोरगे आहेत. आहेतच. पण ते आक्षेपापेक्षा माझ्या म्हणण्याच्या बाजूनं जास्त बोलतात. हाडांचे डॉक्टर हल्ली हाडांचे नसतात, गुडघ्याचे असतात. बँकेतल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर कर्जाचा फक्त मधला तुकडा येतो. आणि सॉफ्टवेअरवाला पोरगा आपण नेमकं काय करतो हे आजीला सांगू शकत नाही, कारण ते त्यालाही पुरतं ठाऊक नसतं. टाचणीचा कारखाना आता सगळीकडे आहे. वाळूजच्या काकांना तो आधी भेटला एवढाच फरक. मात्र ह्या गर्दीत एक भेसळ आहे, ती वेगळी काढली पाहिजे. काही जण स्कूटर करतात आणि काही जण करून घेतात. करून घेणारा उस्तादाला गाडी टाकतो, रंग फिक्का निळा सांगतो, मुलाच्या प्री-वेडिंगचे फोटो काढतो आणि नंतर ती बंगल्यासमोर झाकून ठेवतो. दोघांतला फरक ओळखायला नखं बघावीत. तिसराही एक प्रकार आहे, कॅफेवाल्यांचा: स्कूटर उभा चिरून अर्धा भिंतीत बसवायचा आणि हेडलाइटमध्ये बल्ब लावायचा. अख्खीच्या शोधात म्हातारा झालेला माणूस अशा अर्ध्या गाडीखाली बसून कॉफी पिऊ शकत नाही. तो चहा प्यायला बाहेर जातो.

ह्या जातीचा खरा रोग म्हणजे ‘ओरिजिनल’. चेतकचं उत्पादन २००५-०६ च्या सुमारास थांबलं आणि २००९ च्या अखेरीस बजाजनं स्कूटरांचा धंदाच सोडायचं जाहीर केलं. तेव्हापासून नव्या कोऱ्या ओरिजिनल भागाचं मोल बाजारात नाही, माळ्यावर ठरतं. सिल्लोडला, कन्नडला, वैजापूरला एखाद्या बंद पडलेल्या स्पेअरच्या दुकानाचा माळा असतो. त्यावर पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक गिअर शिफ्टर असतो, आणि त्याची खबर काकांपर्यंत वधूवर सूचक मंडळाच्या गोपनीयतेनं पोचते. दिल्लीहून येणारा तसलाच भाग एक-चतुर्थांश किमतीत, अधिक चांगल्या पॉलिशचा, शाहगंजात टांगलेला असतो. काका त्याकडे बघत नाहीत. नक्कल म्हणजे नक्कल. ज्या गावातली सर्वांत देखणी इमारत तीनशेहून अधिक वर्षं ताजमहालची नक्कल म्हणून टोमणे खाते आहे, त्या गावानं तरी नकलेचा एवढा तिटकारा करू नये. बीबी का मकबरा नक्कल असूनही चांदण्या रात्री काय दिसतो, हे काका इतरांना अभिमानानं सांगतात. क्लच प्लेटच्या बाबतीत मात्र हा उदारपणा त्यांना सुचत नाही. सरकारनं ह्या रोगाला अधिकृत मान्यताही देऊन टाकली आहे: २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार. अट एवढीच, की मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. अख्ख्या देशात ही अट जाचक न वाटणारा वर्ग एकच, आणि तो पाटावर बसलेला आहे.

तिसरा आक्षेप धुराचा, आणि इथं विनोद बाजूला ठेवून बोललं पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं. त्या ढकलाढकलीत न जळालेल्या पेट्रोलचा मोठा वाटा आणि त्यात मिसळलेलं तेल धुराड्यातून थेट हवेत जातं. तो निळसर धूर, तो वास, तो खोकला खोटा नाही. ब्रेक ड्रमचे, चाकं दहा इंची, इंजिनाचं वजन उजव्या अंगाला; पावसात पैठण गेटच्या वळणावर हे वाहन चालवणं म्हणजे देवाला कौल लावणं. शहराच्या रोजच्या रस्त्यावरून हे इंजिन गेलं ते उत्तम झालं, आणि त्याचा शेवट जिथून सुरू झाला ते वर्षही १९८५ च: इकडे वाळूजचं उद्घाटन होत होतं आणि त्याच वर्षी फोर-स्ट्रोक, साठ-सत्तर-ऐंशीच्या मायलेजच्या बाता मारणारी हिरो होंडाची सीडी हंड्रेड बाजारात आली. पण काकांवर हा खटला चालत नाही, कारण धूर व्हायला गाडी चालावी लागते. महिन्याकाठी त्यांची चेतक जेवढं पेट्रोल जाळते त्याहून जास्त डिझेल ती धुण्यात जातं. पंपावर टू-टी तेल मागितलं तर नवा पोरगा तोंडाकडे बघतो, म्हणून लिटरला वीस मिलीच्या हिशेबानं तेलाची बाटली आणि औषधाचं मोजमाप काका बरोबर नेतात, आणि ते ओतताना पंपावर जी प्रस्तावना करतात तिच्यात मागच्या रांगेचं जितकं पेट्रोल जळतं तेवढंच काय ते त्यांचं प्रदूषण.

कुणी असंही म्हणेल की एवढीच हौस असेल तर नवी विजेची चेतक घ्यावी. नाव तेच, धूर नाही. २०२० पासून ती रस्त्यावर आहे आणि सुबकही आहे. शोरूममध्ये जाऊन काका ती बघून आले की नाही हे विचारायचं कारण नाही, ह्या जातीचा प्रत्येक जण बघून आलेला असतो. तिथला टाय घातलेला मुलगा रेंज सांगतो, चार्जिंगचा वेळ सांगतो, मोबाइलला कशी जोडायची ते दाखवतो. काका गाडीभोवती दोन फेऱ्या मारतात, खाली वाकतात, डावीकडचं पॅनल बोटानं ठोकून बघतात आणि विचारतात, “हे कुठून उघडतं?” मुलगा हसून म्हणतो, “उघडायचं नसतं सर.” बोलणं तिथं संपतं. कंपनीची ह्यात चूक नाही, गिऱ्हाइकाचा त्यात फायदाच आहे; पण न उघडणारी गाडी म्हणजे पुन्हा एकदा, दुसऱ्या कुणीतरी केलेली, बाहेरून बघायची गाडी. ती तर तीस वर्षं गेटमधून ट्रकवर चढून जाताना पाहिलीच होती.

राहता राहिला घरचा आक्षेप, पैशाचा आणि जागेचा. तो काकू घेतात, आणि त्याला काकांपाशी उत्तर नाही, तक्ता आहे. तक्त्यात खर्च भागवार लिहिलेला असतो, बेरीज मात्र केलेली नसते. एवढ्या काटेकोर माणसाच्या हातून राहून गेलेली ही एकच बेरीज. दारूपेक्षा बरं, पत्त्यांपेक्षा बरं, पतसंस्थेतल्या ठेवीपेक्षा तर फारच बरं, ह्या तीन मुद्द्यांवर खटला वर्षानुवर्षं तहकूब होत राहतो.

ह्या माणसाला ओळखायची शेवटची आणि पक्की खूण आरटीओत मिळते. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते आणि पुढं दर पाच वर्षांनी; पर्यावरण कर भरायचा, गाडी नेऊन दाखवायची. शहरात ह्या कामाला हौसेनं जाणारा माणूस हा एवढाच. आदल्या रात्री त्याला झोप नसते. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यानं केलेला एक भाग तो पास-नापास करत आला. आता त्यानं स्वतः बांधलेली अख्खी गाडी दुसरा कुणीतरी तपासणार असतो. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, फाइलमध्ये मापांचे तक्ते तीन प्रतींत, भागांच्या नंबरांसह. निरीक्षक येतो. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो, हॉर्न वाजवायला सांगतो, मागचा लाल दिवा बघतो आणि सही करतो. “झालं काका, न्या गाडी.” काका हलत नाहीत. “साहेब, पॉइंटचा गॅप बघायचा नाही का?” मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवतो. निरीक्षक पेन खिशाला लावता लावता थांबतो आणि सहज विचारतो, “कसला गॅप?” काका फाइल उघडतात.